उजवीकडचं दार

त्या घरात गेले अकरा महिने एक माणूस बोलत नव्हता. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. बाबांचे डोळे गेले आणि डोळ्यांपाठोपाठ जीभही गेली, एवढंच. चहा हवा का विचारलं तर "हं." झोप लागली का, "हं." पंखा बंद करू का, तरीही "हं," मग ज्याने विचारलं त्यानेच ठरवायचं की या हंचा अर्थ हो लावायचा की नाही.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. काचबिंदूने नेलेली नजर आता परत येणार नाही. पण माणूस आतून बंद होतोय, त्याला बोलता ठेवा. सांगायला काय जातं डॉक्टरांचं! ब्याऐंशी वर्षांच्या, तरुणपणी लॉरी हाकलेल्या आणि त्यातही मुळात अबोल असलेल्या माणसाला बोलतं करायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थोरल्या मुलीने, म्हणजे ताईने, सगळे उपाय करून पाहिले. रेडिओ लावला, जुन्या ओळखीतले लोक बोलावून आणले, पेपर वाचून दाखवला. बाबा खुर्चीत बसून राहायचे, तळहात गुडघ्यांवर, तोंड भिंतीकडे.

मग एका दुपारी रस्त्यावरून एक अवजड गाडी चढाला लागली आणि तिने मध्येच आचका दिला. बाबांनी मान वर केली. "गिअर उशिरा टाकला," ते म्हणाले.

ताई तेव्हा पुढच्या खोलीत शाळेच्या गणवेशाची बाही लावत होती. तिने मशीन थांबवलं. अकरा महिन्यांत "हं"च्या पलीकडचे हे पहिले शब्द होते आणि ते कोणा मुलाबाळाला उद्देशून नव्हते, एका अनोळखी गाडीला उद्देशून होते. खरं सांगायचं तर तिला आधी रागच आला. आम्ही इथे तोंडाची वाफ दवडतोय आणि हे बोलतात कोणाशी, तर डिझेलच्या धुराशी! पण ताई शिंपीण होती, तीस वर्षं लोकांच्या अंगावर टेप धरत आली होती. गिऱ्हाईक तोंडाने काय सांगतं त्यापेक्षा त्याचा हात कापडाच्या कुठल्या ठाणावर थांबतो, ते बघायची तिला सवय होती. हात लॉरीवर थांबला होता. ठीक आहे, तिने ठरवलं, मग लॉरीच करू.

बाबांची लॉरी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी विकली गेली होती. चांगली धडधाकट गाडी बाबांनी एका आठवड्यात विकून टाकली, "कंटाळा आला" म्हणाले, आणि गावातल्या डेपोत गाड्या तपासायच्या नोकरीला लागले. फोटो एकच उरला होता, त्यात लॉरी कमी आणि पोरंच जास्त. तिघं भावंडं पुढच्या बंपरवर बसलेली, मागे एक दिवा आणि जाळीचा तुकडा. एवढ्यावर अख्खी गाडी उभी करायची म्हणजे बटणावरून कोट शिवण्यातला प्रकार.

"आठवणीतून करायची," ताईने जाहीर केलं. "प्रत्येकाने आपल्याला आठवेल ते सांगायचं. एका फुटाला एक इंच."

"आणि करणार कशाची?" शेंडेफळाने विचारलं. शेंडेफळ म्हणजे सगळ्यात धाकटा भाऊ. वय एकोणपन्नास, डोक्यावर केस औषधालाही नाही, स्वतःचं औषधांचं दुकान, पण घरात अजून शेंडेफळच. वरच्या मजल्यावर राहायचा आणि दिवसातून तीनदा चहाला खाली यायचा.

"पुठ्ठा, कॉलरीतलं बकरम, लाकडी रिळं. माझ्याकडे काय कमी आहे?"

"अक्कल सोडून सगळं आहे," शेंडेफळ म्हणाला, पण बिस्किट खात खात कामालाही लागला. तो तसाच होता. जिभेने आडवा, हाताने सरळ.

पहिलं माप घेतलं बंपरचं. शेंडेफळ म्हणाला, "बंपर माझ्या छातीला लागायचा, पक्कं आठवतंय." ताईने त्याला भिंतीशी उभं केलं, जमिनीपासून छातीपर्यंत टेप धरला आणि आकडा वहीत लिहिला. मधल्या भावाला फोन लावला. तो दुसऱ्या गावात भूगोल शिकवायचा. तो म्हणाला, कमरेपर्यंत. ताईने त्यालाही फोनवरच बायकोकरवी कंबर मोजायला लावली. तिची स्वतःची आठवण होती, मांडीच्या वरपर्यंत. तीन माणसं, तीन मापं. तिने सरळ सगळ्यांत मोठं धरलं, कारण शिवताना कापड जास्त असलेलं बरं, कमी करता येतं, हा तिच्या धंद्याचा नियम.

आठवड्याभरात पुठ्ठ्याची पहिली केबिन उभी राहिली. आईने स्वयंपाकघरातून येऊन ती पाहिली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगं बाई, ही लॉरी आहे की दीपगृह? आत चढायला शिडी लागेल."

शेंडेफळ पोट धरून हसला. ताईचा चेहरा पडला. रात्रभर नाही म्हटलं तरी तिला ते लागून राहिलं, आणि सकाळी गणवेशाच्या चड्ड्या कापता कापता हातातली कात्री थांबली. छे! इतकी वर्षं मापं घेतली आणि ही चूक! जो समोर उभा राहील त्याचं माप घ्यायची सवय नडली. बंपर लागायचा तो या टकल्याच्या छातीला नव्हेच. बालवाडीतल्या पोराच्या छातीला!

तिने वर हाक मारली, "ए, तेव्हा तू कितवीत होतास?"

"बालवाडीत!"

मधला तिसरीत, ती स्वतः सहावीत. आता पुढचं तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. बालवाडीतल्या पोराची छाती जमिनीपासून किती, तिसरीतल्या पोराची कंबर किती, सहावीतल्या पोरीची मांडी जमिनीपासून किती वर येते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तीस वर्षं तेच केलं होतं. तिने वहीत तीन आकडे नव्याने मांडले आणि तिन्ही एकाच जागी येऊन थांबले. एकतीस इंच. ताईने वही मिटली आणि उगाचच स्वतःच्या गालावरून हात फिरवला. तिघांनाही अगदी बरोबर आठवत होतं, फक्त तेव्हाच्या अंगाने.

मग काम धावू लागलं. पायरी मधल्याच्या गुडघ्याइतकी, तिसरीतल्या. खिडकीची कड ताईच्या हनुवटीइतकी, सीटवर बसल्यावर. क्लीनरच्या बाजूच्या सीटला एक फाटलेली जागा होती, तिथून शेंडेफळ काथ्या उपसायचा आणि मार खायचा. तोही काथ्या ताईने घातला. ताडपत्रीला जुना कॅनव्हास लावला आणि त्याच्या कडा आईने स्वतः शिवल्या, कारण खरी ताडपत्री फाटली की दाभण घेऊन तीच बसायची. मागची दुहेरी चाकं लाकडी रिळांची केली, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. हे सगळं बाबांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर चालायचं, पण त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते विचारतही नव्हते.

घोडं अडलं ते दुसऱ्या महिन्यात. डावी बाजू पुरी झाली. दार, पायरी, आरसा, दाराखालचा पाण्याच्या डब्याचा हूक, सगळं जागच्या जागी. ताईने गाडी फिरवून उजवी बाजू पुढे घेतली आणि पेन्सिल हातात धरून बसून राहिली. काही म्हणजे काही आठवेना. मधल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मला नाही वाटत मी ती बाजू कधी पाहिली."

आणि ते खरं होतं. बाबांचा दंडकच होता, पोरांनी चढायचं-उतरायचं ते डाव्या बाजूने. उजवीकडे रहदारी, तिकडे पाऊल टाकलं तर तंगडं तोडीन. घरासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावायचे तीही डावी बाजू घराकडे आणि उजवी पलीकडच्या भिंतीला घासून. क्लीनर केव्हाच देवाघरी गेला होता. अख्ख्या घराने गाडीची एकच बाजू पाहिली होती.

ताईने आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. "मला काय विचारतेस? मी काय क्लीनर होते?" ती म्हणाली आणि उठून आत गेली.

"अगं, सोपं आहे," शेंडेफळ म्हणाला. "डावीकडचं सगळं उलटं करून उजवीकडे लाव. गाडी ती गाडी."

"शर्टाला एका बाजूला बटणं असतात आणि दुसऱ्या बाजूला काजं. दोन्ही बाजूंना बटणं लावली तर घालणार कसा?"

"मग ठेव तशीच अर्धी!"

अर्धी ठेवणं म्हणजे एका बाहीचा शर्ट देण्यासारखं. ताईने चार दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी शेंडेफळाचंच ऐकलं. पण मनातून नाही. डावीकडची सगळी अंगं चिकटवलेली होती, उजवीकडचं दार मात्र तिने बिजागरीशी नुसत्या कच्च्या टाक्याने धरलं. पहिल्या फिटिंगला कपडा देतात तसं, म्हणजे चुकलं तर उसवता येईल. तिला खरी धास्ती वेगळीच होती. बाबा हात फिरवतील, "हं" म्हणतील आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. तसं झालं तर तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. लॉरीच्या पलीकडे बाबांना या जगात आणखी काय आवडत होतं हे तिला पंचावन्नाव्या वर्षीही माहीत नव्हतं, आणि या गोष्टीची तिला आतून लाज वाटत होती.

रविवारी दुपारी मधला आला. चहा झाला. ताईने बाबांसमोर स्टूल ठेवलं, त्यावर लॉरी ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात उचलून बॉनेटवर नेले. "बाबा, बघा काय आहे."

हात आधी नुसते पडून राहिले. मग उजव्या हाताचं बोट जाळीवरून सरकलं. जाळीवरून दिव्यावर, दिव्यावरून बंपरवर. बंपरच्या टोकाशी ते थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. बाबांनी पाठ ताठ केली. डावा हात पायरीवर गेला, दारावर गेला, दाराखाली त्याला हूक सापडला. ओठ हलले. ताईला वाटलं आता बोलतील. नाही बोलले. ताडपत्री चाचपली, मागची चाकं दोन बोटांनी फिरवून पाहिली. सीटवरच्या भोकात बोट घातलं, काथ्या लागला, आणि नाकातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की श्वासाचा ते कळलं नाही. शेंडेफळ खिडकीशी उभं राहून नखं खात होता.

मग हात उजवीकडे गेले. दारावर आले आणि तिथेच थांबले. बोटं वर गेली, खाली गेली, मुठीवर आली. बाबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दाराची कड चिमटीत धरली आणि खेचली. कच्चा टाका तो, तुटला. दार हातात आलं.

"बाबा, अहो..." मधला पुढे झाला. ताईने त्याला हाताने थोपवलं.

"हे दार हिचं नाही," बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. "हे कोणी लावलं? काही विचारायची पद्धत? मूठ इथे कशी येईल? हिची मूठ वर होती, हात उचलायला लागायचा. आणि काच अर्धीच खाली जायची. खाली तारेने बांधलेलं होतं. तार कुठे आहे?"

बाबा ओरडत होते! ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, आणि तिला कुठलंच आवरता येईना.

"आम्ही ती बाजू पाहिलीच नव्हती बाबा," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी तशी करते."

बाबांनी दार मांडीवर ठेवलं. बराच वेळ ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"पाहिली नाहीत कारण मी पाहू दिली नाही," ते म्हणाले. "शेवटचे आठ महिने तर मुद्दामच. डुलकी लागली होती मला. पहाटेची वेळ, पूल होता. पापणी मिटली एवढंच. कठड्याला घासलो. दार गेलं, आरसा गेला. हातभर आणखी गेलो असतो तर खाली नदी." त्यांनी श्वास घेतला. "क्लीनरला शपथ घातली. भंगारातून दुसऱ्या गाडीचं दार आणलं, ते हिला नीट बसेना, मग तारेने बांधलं. रंग मारला असता, पण ओल्या रंगाचा वास आला असता आणि तुमच्या आईने विचारलं असतं. म्हणून गाडी भिंतीला लावायचो. आपल्या लाल गाडीला ते हिरवंगार दार..."

"निळं," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचे रिकामे कप. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. बाबांचा अंगठा थांबला.

"तुला काय माहीत?"

"मागच्या खिडकीतून वळण दिसतं," आई म्हणाली. तिने कप टेबलावर ठेवले. "तुम्ही निघालात की मी तिथे जाऊन उभी राहायचे. गाडी वळेपर्यंत. वळताना उजवी बाजू इकडे यायची. पहिल्याच खेपेला दिसलं, लाल गाडीला निळं दार."

"दर खेपेला उभी राहायचीस?"

"दर खेपेला."

"मग विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं? तुम्ही घरी आला होतात. दाराचं काय घेऊन बसायचं?"

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. गेलं, ताईला वाटलं, पुन्हा मिटलं सगळं. चव्वेचाळीस वर्षं एकाने लपवलं आणि दुसरीने माहीत असून मूग गिळले, आता यावर माणूस बोलणार तरी काय? शेंडेफळाने उगाच घसा साफ केला. मधला टेबलावरचे कप एकात एक घालू लागला.

"हिरवं होतं," बाबा म्हणाले.

"निळं."

"अगं, मी बसवलं ते दार. या हातांनी."

"हातांना रंग कळतो वाटतं? अहो, डोळे धड होते तेव्हाही तुम्हाला हिरवं-निळं कळत नव्हतं. माझ्यासाठी निळी चादर म्हणून हिरवी घेऊन आला होतात, विसरलात?"

आईने जीभ चावली. वर्षभरात त्या घरात डोळे हा शब्द कोणी बाबांसमोर उच्चारला नव्हता. मधल्याच्या हातातला कप तसाच राहिला.

आणि बाबा हसले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ठसका लागला. ताई पाणी घेऊन धावली तर त्यांनी हाताने तिला बाजूला केलं, त्यांना हसायचं होतं. "ती चादर," ते म्हणाले, "ती चादर हिरवी होती होय? आणि तू वीस वर्षं पांघरलीस!"

"पांघरली. फेकून देऊ?"

मग दोघं जे सुटले ते दिवेलागणीपर्यंत. दार निळं की हिरवं यावरून पुलावर गेले, पुलावरून त्या क्लीनरवर, क्लीनरच्या लग्नावर, लॉरी विकल्याच्या दिवशी बाबा जेवले होते की नव्हते यावर. पुन्हा कधी पापणी मिटली तर, या भीतीनेच गाडी विकली, हेही त्या भांडणातच बोलता बोलता सांगून झालं, आणि आई म्हणाली, तेही माहीत होतं. पोरांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ताईने स्टूलाजवळ बसून मूठ किती वर, काच कुठवर, तार कुठल्या बाजूने, सगळं वहीत उतरवून घेतलं. बाबांचा हात उचललेला असताना कोपर कुठे येतो ते मोजायला तिने टेप धरला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत बाबांचं माप तिने कधी घेतलंच नव्हतं. त्यांचे कपडे बाहेरून यायचे, खाकी, तयार.

दारासाठी रंगीत कापडाचे दोन तुकडे तिने बाजूला काढून ठेवले होते, एक निळा, एक हिरवा. आई आत दिवा लावायला गेली तशी ती बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, पण लावू कुठला?"

बाबांनी मान आतल्या खोलीकडे वळवली.

"निळा लाव," ते हळूच म्हणाले. "मी रस्त्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत होती. तिचंच बरोबर असणार."